रात्री चार वेळा उठणाऱ्या काकांस

ती. काकांस,


हे पत्र कुणा एका काकांना नाही. सांगली-मिरज, सोलापूर, नाशिक, पुण्याहून मुलाच्या नाहीतर मुलीच्या नोकरीपायी बंगळुरूला आलेल्या, व्हाइटफिल्ड, मारतहळ्ळी, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या उंच इमारतींत राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे. एचएएल, बीईएल, आयटीआयमधून निवृत्त होऊन इथलेच झालेल्या जुन्या मंडळींनाही आहे. विषय लघवीचा आहे. सुनेनं सासऱ्याच्या वयाच्या माणसापाशी हा विषय काढू नये असा आपल्याकडचा शिरस्ता. तो मोडून लिहिते आहे, कारण तो पाळल्यानं काय होतं ते मी घरात पाहिलं आहे.

आम्हाला कळत नाही असं तुम्हाला वाटतं. कळतं, काका. रात्री एकदा, दोनदा, चारदा बाथरूमचा दिवा लागतो. फ्लश ओढला तर घर जागं होईल म्हणून तुम्ही मगानं पाणी ओतता, तेही ऐकू येतं. गावाहून येताना बस नको म्हणता आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचंच तिकीट काढायला सांगता, शक्यतो डब्याच्या टोकाची खालची सीट. बसनं यावंच लागलं तर दुपारपासून पाणी बंद. वाहतूक तुंबणाऱ्या सिल्क बोर्डच्या चौकातून जायचं म्हटलं की तुमचं डोकं दुखायला लागतं. दर्शिनीत उभ्याउभ्या इडली खायची एके काळी तुम्हाला केवढी हौस होती. आता आत बाथरूम आहे का ते आधी बघून येता, आणि नसलं तर भूक नाही म्हणता. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला जायचं, तिथला व्यंकोजीराजांच्या काळातला 1669 चा शिलालेख बघायचा, हे तुम्ही आल्या आल्या ठरवलं होतंत. दोन वर्षं झाली. गुडघे दुखतात, हे कारण खरं नाही.

शहर लहान लहान होत जातं. आधी लांबचे प्रवास गेले, मग लग्नकार्यं, मग नाटक, मग लालबाग, आणि शेवटी इमारतीच्या आवाराभोवती दोन फेऱ्या. विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं असतं: वयाचं आहे, चालायचंच.

हेच उत्तर मला खोडायचं आहे. यात वयाचा वाटा आहे हे खरं. पण जे होतंय त्याला कारण आहे, ते मोजता येतं, आणि त्याला उपाय आहेत. शिवाय नुसतं सोसत बसल्यानं ते आहे तसं राहत नाही.

मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. फक्त पुरुषांना असते. तरुणपणी तिचं वजन साधारण 20 ग्रॅम. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. अडचण तिच्या जागेची आहे: मूत्राशयातून निघालेली लघवीची नळी तिच्या मधून जाते. चाळिशीनंतर या ग्रंथीचा नळीभोवतालचा आतला भाग वाढायला लागतो. 1984 साली बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनांच्या नोंदी एकत्र करून दाखवलं की पन्नाशीच्या दशकातल्या साधारण निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ही वाढ सापडते, आणि ऐंशी ओलांडलेल्यांपैकी फार थोडे तिच्यातून सुटतात. म्हणजे तुमच्या कट्ट्यावर सकाळी जेवढे जण बसता, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात हेच चाललं आहे, आणि एकही जण दुसऱ्याला सांगत नाही.

वाढ आतल्या अंगानं होते, म्हणून ग्रंथी किती मोठी यावर त्रास किती हे ठरत नाही. घराची भिंत बाहेरून आहे तिथेच राहावी आणि आतून गिलावा चढत चढत खोली अरुंद व्हावी, तसं होतं. कुणाची 80 ग्रॅमची ग्रंथी असून त्याला रात्री एकदाच उठावं लागतं, कुणी 35 ग्रॅमला हैराण. सोनोग्राफीच्या कागदावरचा आकडा वाचून घाबरू नका, आणि तो लहान आहे म्हणून निर्धास्तही राहू नका.

पुढचा भाग नीट वाचा, कारण ‘चालायचंच’मध्ये नुकसान होतं ते इथे. वाट अरुंद झाली की मूत्राशयाला लघवी बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. मूत्राशयाची भिंत स्नायूची असते. जोर लावून लावून ती जाड होते, आणि जाड झालेला स्नायू चिडका होतो: पुरतं भरण्याआधीच आवळायला लागतो. एकदम जोराची घाई होते, दारापर्यंत पोचेपर्यंत दम निघत नाही, ते यामुळे. आणखी काही वर्षांनी तोच स्नायू थकतो. मग लघवी पूर्ण होत नाही, थोडी मागे उरते. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात, आणि मागचा दाब मूत्रपिंडापर्यंत गेला तर रक्तातलं क्रिएटिनिन चढतं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम ढासळतं. या टप्प्यावर ऑपरेशन करून वाट मोकळी केली तरी थकलेलं मूत्राशय पूर्वीसारखं काम करेलच असं नाही. म्हणून वेळेवर जायचं. कॅन्सरच्या भीतीनं नाही, मूत्राशय शाबूत राहावं म्हणून.

कॅन्सरचंही सांगते, कारण डॉक्टरकडे न जाण्यामागे बहुतेकदा तीच धास्ती असते. प्रोस्टेटची ही वाढ कॅन्सर नाही आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर हा वेगळा आजार. तो बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो आणि सुरुवातीला लघवीचा काहीच त्रास देत नाही. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, म्हणून डॉक्टर गुदद्वारातून बोटानं तपासतात आणि रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारा एक घटक, बघतात. बोटाची तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. संकोच वाटेल, पण ती टाळू नका. पीएसए नुसत्या वाढीनं, जंतुसंसर्गानं, लघवी तुंबल्यानंही चढतो. आकडा जास्त आला की लगेच नेटवर शोधत बसू नका, तो डॉक्टरांना वाचू द्या.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. डिसेंबरचे दिवस होते. समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंचावरच्या या गावात रात्री चांगलाच गारवा असतो. मामंजींना सर्दी झाली होती. त्यांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून दोन दिवस घेतली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून लघवीला लागतंय पण होत नाही, असं सुरू झालं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रात्री अकराला सासूबाईंनी आमचं दार वाजवलं तेव्हा ते पलंगाच्या कडेवर दोन्ही हात पोटाखाली दाबून बसले होते, कपाळावर घामाचे थेंब, आणि बेंबीखाली पोट टणक फुगलेलं स्पष्ट दिसत होतं. गाडीत प्रत्येक स्पीडब्रेकरला त्यांच्या तोंडून जो आवाज निघत होता तो मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. दवाखान्यात नळी घातली आणि जवळजवळ लिटरभर लघवी पिशवीत उतरली. मूत्राशयात एरवी 400-500 मिलिलिटर मावते. नळी लागून पाच मिनिटं झाली असतील, त्यांचा चेहरा सैल पडला आणि ते नर्सला म्हणाले, “बाई, तुमचे फार उपकार झाले.” त्या मुलीला मराठी येत नव्हतं. तिनं त्यांचा हात थोपटला.

सर्दीच्या गोळीत नाक सुकवणारं औषध असतं, क्लोरफेनिरामिन किंवा त्याच्या जातीचं; ते मूत्राशयाचा स्नायू ढिला पाडतं. चोंदलेलं नाक मोकळं करणारं दुसरं औषध, फेनिलेफ्रिनसारखं, ग्रंथीच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळतं. एकानं ढकलणारा हात काढून घेतला, दुसऱ्यानं दार लावलं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसानं अशी गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नये, एवढं एक वाक्य औषधाच्या दुकानात कुणी बोललं असतं तर ती रात्र टळली असती. तुम्ही मेडिकलमध्ये जाल तेव्हा आधी सांगा: मला प्रोस्टेट आहे. बद्धकोष्ठ, गारठा, तासन्‌तास लघवी दाबून धरणं यांनीही अशीच वेळ येते.

हा आजार आजचा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत वाताष्ठीला नावाचा एक आहे: मूत्राशय आणि गुद यांच्या मध्ये दगडासारखी घट्ट, उंच गाठ, आणि तिच्यामुळे अडलेली लघवी. आजच्या उपचारांची एक वाटही हिंदुस्थानातूनच गेली आहे. पीटर फ्रेयर हा आयरिश डॉक्टर वीसेक वर्षं इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता. उत्तर हिंदुस्थानात त्यानं मूतखड्यांची शेकडो ऑपरेशनं केली. तो हात घेऊन तो लंडनला गेला आणि तिथे 1900 साली ओटीपोटातून मूत्राशय उघडून वाढलेली प्रोस्टेट काढायची पद्धत त्यानं वापरली. आता पोट उघडावं लागणारी माणसं थोडी. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून आतली वाढ खरवडून काढतात, टीयूआरपी म्हणतात ती, किंवा लेझरनं सोडवून काढतात. बंगळुरूत दोन्ही सर्रास होतं.

औषधांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. 1974 साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही मुलग्यांच्या शरीरात एक विकर जन्मतःच कमी होतं, आणि मोठेपणीही त्यांची प्रोस्टेट अगदी लहानच राहिली होती. ते विकर टेस्टोस्टेरॉनचं अधिक तीव्र रूप बनवतं आणि ग्रंथी वाढते ती त्याच्यावर, हे त्यातून उलगडलं. ते विकर अडवणारं फिनास्टेराइड 1992 साली अमेरिकेत मंजूर झालं. ते ग्रंथी आकसवतं, पण सावकाश; सहा महिने धीर धरावा लागतो. दुसरं टॅमसुलोसिन, ते ग्रंथी लहान करत नाही, तिथला आवळलेला स्नायू सैल करतं, आणि काही दिवसांतच धार सुधारते. मोठ्या ग्रंथीला दोन्ही मिळून देतात.

या गोळ्यांबद्दलच्या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. टॅमसुलोसिन घेतल्यावर पलंगावरून एकदम उठू नका. रक्तदाब उतरून भोवळ येते, आणि रात्री अंधारात पडून खुबा मोडला तर प्रोस्टेटचं दुखणं परवडलं म्हणायची वेळ येईल. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे, किंवा पूर्वी घेत होतो, हे न विसरता सांगा. तिच्यानं बुबुळाचा पडदा ढिला पडतो. त्यांना आधी माहीत असेल तर ते तयारीनं करतात. तुमच्या वयात मोतीबिंदू आणि प्रोस्टेट आसपासच येतात आणि डोळ्यांच्या दवाखान्यात लघवीच्या गोळीचं नाव कुणाला आठवत नाही. आणि फिनास्टेराइडनं पीएसएचा आकडा जवळपास निम्मा होतो, तेव्हा ती घेत असाल तर रिपोर्ट बघणाऱ्याला ते माहीत पाहिजे.

ऑपरेशनच्या नावानं तुम्ही गप्प होता त्यामागे आणखी एक भीती असते. ती तुम्ही मुलालाही सांगणार नाही, म्हणून मीच लिहिते. पुरुषत्व जाईल का? या ऑपरेशननं ताठरता जाणं क्वचित घडतं. वीर्य मात्र बहुतेकांत बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि पुढे लघवीवाटे निघून जातं. त्यानं अपाय होत नाही. पण हे ऑपरेशनच्या आधी कळायला हवं, नंतर घाबरायला नको. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, काकूंनाही बरोबर घेऊन विचारा. त्या इतकी वर्षं तुमच्याबरोबर रात्रीच्या उठतच आल्या आहेत.

1964 च्या एप्रिलमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन पॅरिसमध्ये झालं. ऑपरेशन होईपर्यंत देशाला पत्ता लागू दिला नव्हता. पुढच्या वर्षी डिसेंबरात ते पुन्हा निवडून आले. 2024 च्या जानेवारीत इंग्लंडचे राजे चार्ल्स यांची प्रोस्टेट वाढली आहे हे राजवाड्यानं आधीच जाहीर केलं, आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या या आजाराच्या पानावर एका दिवसात आदल्या दिवसाच्या दहापटीहून जास्त लोक आले. ती सगळी माणसं आदल्या दिवशीही रात्रीची उठतच होती. कुणीतरी मोठ्या माणसानं मोठ्यानं म्हणायची वाट बघत होती. आपल्याकडे राजे नाहीत, काका. तुमच्या कट्ट्यावरचा एक जण बोलला तरी पुरे.

डॉक्टरकडे जायच्या आधी तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता गेलात, एखादं माप घेऊन किती झाली, किती प्यालात, काय प्यालात. त्या वहीतून पुष्कळ कळतं. कुणाची खरी तक्रार प्रोस्टेटची नसतेच: दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्रभर लघवी होत राहते. कुणाची शुगर वाढलेली असते. कुणी बीपीची लघवी होणारी गोळी संध्याकाळी घेत असतो. ती सकाळी घ्यायची का, एवढं डॉक्टरांना विचारल्यानं रात्र बदलते. आणि इथली फिल्टर कॉफी. ती मलाही प्राणाहून प्रिय आहे, पण संध्याकाळी सहानंतरचा टंबलर सोडून बघा. पाणी मात्र तोडू नका. दिवसा नीट प्या, निजायच्या आधीचे दोन-तीन तास हात आखडा. तहानलेलं राहून लघवी घट्ट होते आणि जळजळ वाढते.

भाषेची धास्ती असेल तर तीही सोडा. व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारात राज्य सरकारची नेफ्रो-युरॉलॉजी संस्था आहे. तिथे काय, खाजगीत काय, वहीतले आकडे कन्नड डॉक्टरांनाही वाचता येतात. ते तुम्हाला सात प्रश्न विचारतील, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण: पूर्ण झाल्यासारखी वाटते का, दोन तासांच्या आत परत जावं लागतं का, मध्येच थांबते का, घाई होते का, धार बारीक आहे का, जोर करावा लागतो का, रात्री कितीदा उठता. बेरीज सातपर्यंत असली तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात, वीस किंवा त्याहून जास्त झाली तर त्रास तीव्र समजतात. मग एका यंत्रात लघवी करायला लावून धारेचा वेग मोजतात आणि सोनोग्राफीनं मागे किती उरली ते बघतात. लघवीत रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी अजिबात थांबली, तर वहीबिही राहू द्या, त्याच दिवशी निघा.

त्या सात प्रश्नांनंतर एक आठवा प्रश्न असतो. त्याचे गुण बेरजेत धरत नाहीत. आज लघवीचं जसं आहे तसंच उरलेलं सगळं आयुष्य राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? मामंजींना हा प्रश्न विचारला तेव्हा मी शेजारी बसून दुभाषाचं काम करत होते. आधीच्या सातांना त्यांनी पटापट उत्तरं दिली होती. इथे ते थांबले. मग म्हणाले, “असंच राहणार असं धरूनच मी चाललो होतो.” डॉक्टरांनी ते कन्नडमध्ये नाही, इंग्रजीत नाही, काहीतरी खूण करून कागदावर टिपलं आणि पेन खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. माझी तुम्हाला विनंती आहे की उत्तर द्यायच्या आधी या प्रश्नापाशी तुम्हीही थोडं थांबा.

आता आमच्या बाजूचं, खास आमच्या संकुलातल्या काकांसाठी. आमच्या संकुलात फिरायला रस्ता आहे, बाकं आहेत, झाडं आहेत. तळमजल्यावर क्लबहाउसचं शौचालय आहे, त्याला सकाळी नऊपर्यंत कुलूप. तुम्ही फिरायला येता सहाला. पुढच्या रविवारी रहिवासी संघाची बैठक आहे. ते शौचालय पहाटे साडेपाचला उघडावं असा अर्ज मी लिहिला आहे आणि कारण म्हणून ‘ज्येष्ठांची सोय’ असं मोघम न लिहिता प्रोस्टेट हा शब्द लिहिला आहे. खाली सह्यांसाठी जागा सोडली आहे. शनिवारी सकाळी मी कागद घेऊन कट्ट्यावर येईन. तुमच्या सह्या हव्यात, आणि बैठकीत निदान एकानं उठून बोलायला हवं.

काकूंना नमस्कार.

आपली,
बंगळुरूतली एक सून